गॅस संपला, म्हणजे नेमका कुठे गेला?

भुसावळचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, तरी तिथे कुणाला फारसे नवल वाटत नाही. याच दिवसांत गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे रांगा लागतात. बहुतेकांची तक्रार एकच असते : ‘एसी चालू आहे, पण गाडी गार होत नाही.’ तक्रारीबरोबर निदानही तयार असते : ‘गॅस संपला असेल, भरून द्या.’

गॅस भरला जातो, काही दिवस बरे वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार, पुन्हा तोच खर्च. या लेखात आपण ‘गॅस संपला’ हे वाक्य तपासून पाहणार आहोत. हा गॅस खरोखर संपतो का? संपत असेल तर जातो कुठे? आणि तो पुरेसा असूनही एसी दुबळा का पडतो? ही उत्तरे शोधताना अप्रकट उष्मा, बाष्पदाब, दवबिंदू हे पाठ्यपुस्तकातले विषय आपल्याला एकाच यंत्रात भेटतील.

कूलरची सवय

खानदेशात उन्हाळा म्हणजे कूलर. कूलरच्या जाळीतल्या ओल्या भुशातून कोरडी हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता लागते व ती त्या हवेतूनच घेतली जाते. मात्र झालेली वाफ हवेबरोबर निघून जाते. म्हणून टाकीत रोज पाणी ओतावे लागते.

बर्फाचेही तसेच. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली वातानुकूलित डबा जोडला गेला, तेव्हा डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांच्यावरून हवा फिरवत असत. बर्फ वितळला की वाटेतल्या स्थानकांवर नव्या लाद्या भराव्या लागत. गारवा देणाऱ्या यंत्राची ताकद आजही ‘टना’त मोजतात, तो टन या बर्फाचाच आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. सुमारे ३५०० वॅट.

पाणी ओतायचे, बर्फ भरायचा, गाडीत पेट्रोल टाकायचे. या सगळ्या सवयींमुळे एसीचा गॅसही ‘खर्च’ होत असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो पेट्रोलसारखा जळत नाही आणि कूलरच्या पाण्यासारखा हवेत सोडूनही दिला जात नाही. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो आणि बंद नळ्यांमधून तोच अर्धा किलो पुन्हा पुन्हा फिरत राहतो. तो उष्णतेचा हमाल आहे. एका ठिकाणी ओझे उचलायचे, दुसऱ्या ठिकाणी उतरवायचे आणि रिकाम्या डोक्याने परत यायचे, एवढेच त्याचे काम.

उष्णतेचा प्रवास

या गॅसला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए नावाचे शीतक असते. साध्या वातावरणीय दाबाखाली ते उणे २६ अंशांनाच उकळते. पण द्रव कोणत्या तापमानाला उकळेल हे त्याच्यावरील दाबावर ठरते आणि एसीची सारी युक्ती या एका वाक्यात आहे.

डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते. तिथे शीतकावरचा दाब वातावरणाच्या साडेतीन पट ठेवला, तर ते सुमारे ५ अंशांना उकळते. ब्लोअर गाडीतली हवा या कॉइलवरून ढकलतो. हवा गरम, कॉइल गार. म्हणून हवेतली उष्णता शीतकात जाते, शीतक उकळून वाफ होते आणि हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते.

आता ही उष्णता बाहेर टाकायची. पण बाहेर ४५ अंश! उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून गारेकडे जाते, उलट जात नाही. म्हणून कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. दाबली की ती तापते, बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त. मग ती गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. तिच्या दृष्टीने ४५ अंशांची हवासुद्धा गारच असते. तिथे उष्णता सोडून शीतकाचा पुन्हा द्रव होतो. शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, त्यातला काही भाग लगेच उकळतो, त्या उकळण्यात द्रव स्वतःच गार होतो आणि कॉइलमध्ये परततो. फेरी पूर्ण झाली.

एका फेरीत प्रत्येक ग्रॅम शीतक गाडीच्या आतून साधारण सव्वाशे जूल उष्णता उचलते. एसी एक टनाचा, म्हणजे ३५०० वॅटचा धरला, तर दर सेकंदाला २८ ग्रॅम शीतक फिरले पाहिजे. म्हणजे अर्धा किलो शीतकाची एक फेरी सुमारे १८ सेकंदांत होते. तासाला दोनशे फेऱ्या! इतक्या फेऱ्या मारूनही त्याचा एक रेणूसुद्धा ‘खर्च’ होत नाही.

वर्गात करून पाहा

दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते, हे एका इंजेक्शनच्या सिरिंजने दाखवता येते. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ६० अंशांच्या आसपासचे गरम पाणी एक चतुर्थांश भरा. आतली हवा बाहेर काढून तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी खदखदू लागेल. दट्ट्या सोडला की खदखदणे थांबते. सुरुवातीचे काही बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, म्हणून प्रयोग दोन-तीन वेळा करावा. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या एक पंचमांश असतो, तेव्हा दाब त्याखाली नेला की उकळणे सुरू होणारच. उलट बाजू सायकलच्या पंपाने दाखवावी. चाकात हवा भरताना पंपाचे तळाकडचे टोक तापते. कॉम्प्रेसरमध्ये हेच घडते.

४५ अंशांचे गणित

हाच एसी पुण्यात चांगला चालतो आणि भुसावळला मे महिन्यात अपुरा पडतो, असे का? कंडेन्सरमधून पुरेशा वेगाने उष्णता बाहेर जायची, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशांनी गरम असावा लागतो. बाहेर ३० अंश असतील तर कंडेन्सर ५० अंशांवर चालतो. त्या तापमानाला आर-१३४ए चा दाब वातावरणाच्या १३ पट असतो. बाहेर ४५ अंश झाले की कंडेन्सरला ६५ अंश गाठावे लागतात आणि दाब साडेअठरा पट होतो. कॉम्प्रेसरला तेवढीच उष्णता अधिक उंच चढणीवर वाहून न्यावी लागते.

बारावीचे विद्यार्थी याचा हिशेब करू शकतील. आदर्श यंत्रात एक जूल काम केल्यावर किती जूल उष्णता उपसता येईल, हे काढण्यासाठी गार बाजूच्या केल्व्हिन तापमानाला दोन्ही बाजूंच्या तापमानातल्या फरकाने भागायचे. गार बाजू ५ अंश, म्हणजे २७८ केल्व्हिन. कंडेन्सर ५० अंशांवर असता २७८ भागिले ४५, म्हणजे सुमारे ६.२. कंडेन्सर ६५ अंशांवर असता २७८ भागिले ६०, म्हणजे ४.६. प्रत्यक्षातले यंत्र याच्या बरेच खाली असते, पण घसरण दोन्हीकडे सारखीच दिसते. म्हणून कडक उन्हाळ्यात एसी थोडा मंदावणे हा बिघाड नव्हे, निसर्गनियम आहे. मात्र छोटे दोष, जे हिवाळ्यात लक्षातही येत नाहीत, ते याच दिवसांत उघडे पडतात.

आणखी एक हिशेब उपयोगी आहे. एसीच्या पट्टीवर बाहेरची हवा आत घेण्याचे किंवा आतलीच हवा फिरवण्याचे बटण असते. समजा ब्लोअर सेकंदाला १०० ग्रॅम हवा फेकतो. एक ग्रॅम हवा एका अंशाने गार करायला सुमारे एक जूल काढून घ्यावा लागतो. बाहेरची ४५ अंशांची हवा १० अंशांवर आणायची तर ३५०० वॅट लागतील, म्हणजे आपला पूर्ण एक टन! आतली २७ अंशांची हवा फिरवली तर १७०० वॅट पुरतात. केवळ बटण चुकीच्या जागी राहिल्याने अर्ध्याहून अधिक ताकद वाया जाते. दुरुस्तीला जाण्याआधी ते बटण पाहावे.

मात्र उन्हात बंद राहिलेल्या गाडीत बसताना पहिली दोन-तीन मिनिटे काचा खाली करून बाहेरचीच हवा घ्यावी. बंद गाडी एका तासात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी तापू शकते आणि यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. तेव्हा बाहेरची ४५ अंशांची हवाच गार ठरते. याच कारणाने लहान मुलाला बंद गाडीत ‘पाच मिनिटांसाठी’सुद्धा सोडू नये. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी.

निदान : आधी प्रश्न, मग पाना

हमालाच्या वाटेवर कुठेही अडथळा आला तर उष्णता अडून राहते. अडथळा कुठे आहे हे बहुतेक वेळा गाडी न उघडताही काही प्रश्न विचारून ओळखता येते.

पहिला प्रश्न : हवा कमी येते, की हवा भरपूर येते पण गार नसते? ब्लोअर पूर्ण वेगावर असूनही झोत मंद असेल, तर आधी केबिन फिल्टर पाहावा. शेतातली माती, रस्त्याची धूळ, कापसाचे तंतू यांनी तो बुजतो. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने काढता येतो. त्याची किंमत गॅस भरण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असते.

दुसरा प्रश्न : सुरुवातीला गार हवा येते, मग झोत हळूहळू मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा नीट चालतो, असे होते का? तसे असेल तर कॉइलवर बर्फ धरत असावा. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होते. कॉइल शून्याखाली गेली तर त्याचा बर्फ होऊन हवेची वाट बुजते. हवा कमी फिरणे, तापमान जोखणारा संवेदक बिघडणे किंवा गॅस कमी असणे ही याची कारणे.

तिसरा प्रश्न : राष्ट्रीय महामार्गावर जळगावकडे जाताना गार आणि रेल्वेच्या फाटकाशी थांबले की गरम, असे होते का? हा फार बोलका पुरावा आहे. चालत्या गाडीत वारा आपोआप कंडेन्सरवरून जातो. थांबलेल्या गाडीत ते काम पंख्याचे असते. म्हणजे पंखा फिरत नाही, हळू फिरतो किंवा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत चिखल आणि किडे अडकले आहेत. उष्णता बाहेर न गेल्याने दाब चढतो आणि मर्यादा ओलांडली की सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. असा कंडेन्सर इंजिन गार असताना साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे वाकतात आणि वाट आणखी बुजते.

चौथा प्रश्न : कॉम्प्रेसर चालू होतो का? अनेक गाड्यांत एसीचे बटण दाबले की ‘टक्’ असा क्लचचा आवाज येतो. तो येतच नसेल, तर फ्यूज, रिले, वायर किंवा दाबाचा स्विच तपासायला हवा. दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर गॅस कमी असण्याचा संशय घ्यावा. काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत आपले काम कमी-जास्त करतो. तिथे हा आवाज ऐकू येणार नाही.

गाडीखाली पडणाऱ्या पाण्यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पावसाळ्यात बादलीभर पाणी ठिबकते आणि मे महिन्यात थेंबच पडतात, म्हणून एसी बिघडला असे होत नाही. ते पाणी हवेतल्या वाफेचे असते आणि उन्हाळ्यात हवाच कोरडी असते. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असली तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. कॉइल त्याहून गार असल्याने थोडे पाणी निघते, एवढेच.

गेज काय सांगतो, काय सांगत नाही

एवढे पाहून झाल्यावर दुरुस्ती करणारा दोन गेज जोडतो. एक कमी दाबाच्या बाजूला, दुसरा जास्त दाबाच्या. कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही दाब नेहमीपेक्षा कमी दिसले, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही जास्त दिसले, तर कंडेन्सर उष्णता टाकत नाही, गॅस जादा भरला आहे किंवा नळ्यांत हवा शिरली आहे. कमी बाजूचा दाब जास्त आणि जास्त बाजूचा कमी असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे. कमी बाजूचा दाब फारच उतरला आणि तरी गारवा नसेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलेला असू शकतो.

पण एसी बंद असताना गेज पाहून ‘गॅस आहे’ किंवा ‘गॅस कमी आहे’ असे कुणी सांगितले, तर त्याला स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची आठवण करून द्यावी. भरलेल्या आणि पाव उरलेल्या सिलिंडरमधला दाब सारखाच असतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी बाष्पदाब फक्त तापमानावर ठरतो. द्रव किती आहे यावर नाही. सिलिंडर किती भरला आहे हे आपण वजनावरूनच ठरवतो. एसीतही तेच. आर-१३४ए चा दाब २५ अंशांना वातावरणाच्या साडेसहा पट आणि ४० अंशांना दहा पट असतो, मग आत ५०० ग्रॅम असो वा ३०० ग्रॅम. गेजवर यातून एक वातावरण वजा होऊन आकडा दिसतो. गॅस पूर्ण निघून गेला असेल, तरच बंद गाडीतला गेज ते सांगेल.

म्हणून योग्य रीत अशी : यंत्राने सगळा गॅस काढून घ्यायचा, त्याचे वजन करायचे आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम लिहिले आहेत, तितकाच वजन करून भरायचा. ‘थोडा जास्त भरा, उन्हाळा आहे’ ही विनंती उलटी पडते. जादा द्रव कंडेन्सरमधली जागा अडवतो, उष्णता टाकायला जागा कमी उरते, दाब चढतो आणि गारवा घटतो.

गळती शोधल्याशिवाय भर नको

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वजन केल्यावर गॅस कमी भरला, तर तो गेला कुठे? उत्तर एकच : बाहेर. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या आसाभोवतीच्या सीलमधून अगदी थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतो. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी एकदा भर घालावी लागणे समजण्यासारखे आहे. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहे आणि ती सापडलेली नाही.

गळतीचा माग बहुधा डोळ्यांनीही लागतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पक्की खात्री करण्यासाठी नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचे पाणी लावतात. सायकलचा पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, त्यातलाच हा प्रकार.

गळती बुजवल्यावर आणि गॅस भरण्यापूर्वी नळ्या पंपाने निर्वात कराव्या लागतात. त्यामुळे आत शिरलेली हवा निघते आणि ओलावाही जातो. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या जेमतेम ४ टक्के असतो. दाब त्याखाली नेला की नळीतला पाण्याचा थेंब उकळून बाहेर पडतो. सिरिंजमधला तोच प्रयोग. हा ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठून वाट बंद करू शकतो. ही कामे मात्र जाणकाराकडेच द्यावीत. नळ्यांत मोठा दाब असतो, निसटणाऱ्या शीतकाने त्वचा आणि डोळे गोठू शकतात आणि पंखा कधीही सुरू होतो. विद्यार्थ्यांना दाखवायचे ते लांबूनच दाखवावे.

निसटलेल्या गॅसचा हिशेब

पूर्वी गाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन असे. अशी संयुगे ओझोनच्या थराला धोका ठरतील, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि आर-१२ च्या जागी आर-१३४ए आले. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही. पण ते उष्णता अडवते. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके पृथ्वीला तापवते. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

अर्धा किलो गॅस निसटला, तर तो ७०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा झाला. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे ३०० लिटर पेट्रोल झाले. लिटरमागे १५ किलोमीटर धरले, तर साडेचार हजार किलोमीटरचा प्रवास! भुसावळ ते मुंबई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. एकदा भरलेला आणि वर्षभरात गळून गेलेला गॅस म्हणजे मुंबईपर्यंतच्या दहा खेपांचा धूर, आणि तोही डोळ्यांना न दिसणारा.

विद्यार्थ्यांसाठी काम

शाळेतला एक साधा तापमापक घ्यावा. गाडी सावलीत, दारे बंद, आतली हवा फिरवण्याचे बटण चालू, ब्लोअर मध्यम वेगावर. गाडी सुरू करण्याचे काम मोठ्या माणसाने, मोकळ्या जागेत करावे. दहा मिनिटांनी मधल्या झरोक्यातल्या हवेचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान लिहून ठेवावे. एसी चांगला चालत असताना डिसेंबर, मार्च आणि मे महिन्यांत अशा नोंदी केल्या, तर आपल्या गाडीचे ‘निरोगी’ आकडे हाती येतील. बाहेरचे तापमान वाढले की झरोक्यातले किती वाढते, याचा आलेख काढावा. पुढे कधी एसी मंदावला, तर त्या दिवशीचा बिंदू आलेखावर कुठे पडतो ते पाहावे. बिंदू रेषेवरच असेल, तर दोष उन्हाळ्याचा आहे. रेषेपासून दूर गेला असेल, तर वरचे चार प्रश्न क्रमाने विचारावेत. आणि कुणी ‘गॅस संपला’ म्हणालेच, तर किती ग्रॅम निघाला आणि कुठून गेला, हे त्याला जरूर विचारावे.